दुकान नौपाड्यात, पैसे बोरिवलीच्या कानांचे

पत्राचा सारांश: ठाण्यातल्या एका वाचक बाईंच्या घरचा गाद्या, सोफे आणि पडद्यांचा व्यवसाय आहे. नौपाड्यातलं दुकान सासऱ्यांनी काढलेलं, दुसरं घोडबंदर रोडवर कासारवडवलीला, आणि तिसरं यंदा दसऱ्याला वाशीत उघडायचं आहे. नवरात्र ते दिवाळी जाहिरातीवर करासकट ६ लाख रुपये खर्चायची तयारी आहे. दीर म्हणतात रेडिओच, कारण वडिलांच्या काळी विविध भारतीवर जाहिरात लागली की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक यायचं. दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळणारी मुलगी म्हणते, रेडिओ आता कोणी ऐकत नाही, ते पैसे खाडीत गेले समजा. एका एफएम स्टेशनचा प्रस्ताव हातात आहे: २० सेकंदांची जाहिरात, १० सेकंदांना ६०० रुपये दर, सकाळी ६ ते रात्री १२ मध्ये कुठेही रोज १२ स्पॉट (म्हणजे १२ वेळा जाहिरात), २१ दिवस, वर १२६ स्पॉट बोनस. ठरावीक वेळ हवी असेल तर दर ७५०. त्या विचारतात, "दोघांपैकी कोणाचं ऐकू?"

नमस्कार.

दोघांचंही थोडं थोडं ऐका. पण त्याआधी दोघांनीही न विचारलेला एक प्रश्न आहे, तो तुम्ही विचारा: रेडिओची हद्द आणि तुमच्या गिऱ्हाइकाची हद्द किती जुळते?

ठाण्याला किंवा नवी मुंबईला स्वतःचं वेगळं खाजगी एफएम स्टेशन नाही. जी ऐकू येतात ती मुंबईची. त्यामुळे तुमचा स्पॉट वाजतो तेव्हा तो कासारवडवलीत वाजतो तसाच कुलाब्यात, अंधेरीत आणि बोरिवलीतही वाजतो, आणि पैसे सगळ्यांचे लागतात. बोरिवलीचा माणूस गादी बघायला घोडबंदरचा घाट चढून येणार नाही. समजा, ऐकणाऱ्या चारांतला एकच तुमच्या टप्प्यात राहतो. मग ठरावीक वेळेचा १,५०० रुपयांचा स्पॉट तुम्हाला खऱ्या हिशेबाने ६,००० ला पडला. फक्त नौपाड्याचं दुकान असतं तर आम्ही सरळ सांगितलं असतं की रेडिओच्या वाटेला जाऊ नका, गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या परिसरात पेपरातून पत्रकं टाका.

तिसऱ्या दुकानाने हे गणित बदलतं. नौपाडा, कासारवडवली आणि वाशी असे तीन ठिपके नकाशावर जोडा. मुलुंड, ऐरोली, कोपरखैरणे, कळवा, थोडं भांडुप, थोडं नेरूळ हे सगळं तुमच्या आवाक्यात येतं. शिवाय सोफा-गादी ही दहा वर्षांतून एकदा घ्यायची वस्तू असल्याने तिच्यासाठी माणूस अर्धा तास गाडी चालवतो, भाजीसाठी चालवत नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत रेडिओचा विचार करता येतो. घ्यावाच असं मात्र अजून ठरलेलं नाही.

आता मुलीचं म्हणणं बघू. रेडिओ कोणी ऐकत नाही हे तिच्या जगात खरं आहे, आणि त्याला एक साधं तांत्रिक कारण आहे. मोबाइलमध्ये एफएम लागतं तेव्हा वायरच्या इअरफोनची वायरच अँटेना म्हणून काम करते. ठाणे स्टेशनवर सकाळी ८:४० ला उभं राहून कान बघा. वायर दिसणार नाही, ब्लूटूथच्या बिया दिसतील. त्यात बऱ्याच फोनमध्ये कंपनीच एफएम चालू ठेवत नाही. २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला त्यासाठी मोबाइल कंपन्यांना सूचना काढावी लागली. तेव्हा लोकलमधला तरुण रेडिओच्या हातून बराचसा सुटलेला आहे. पण तो तुमचा सोफा घेणार आहे का? सोफा घेणारं जोडपं पस्तिशी ओलांडलेलं, गृहकर्जाचे हप्ते भरणारं, आणि सकाळी माजिवड्याच्या किंवा तीन हात नाक्याच्या सिग्नलला गाडीत अडकलेलं. रेडिओ उरला आहे तो मुख्यतः गाडीत, स्वयंपाकघरात, टेलरच्या आणि वाण्याच्या दुकानात. गाडीतही आता फोन जोडून गाणी लावणारे वाढलेत, हे मुलीचं म्हणणं तेवढं धरून चला.

म्हणून अंदाजावर जाऊ नका, विचारा. आजपासून दोन आठवडे, बिल करताना प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न: "गाडीत काय ऐकता?" पर्याय सांगायचे नाहीत, सांगितले की माणूस त्यातलाच एक उचलतो. उत्तर बिलाच्या मागे लिहून ठेवा. १०० बिलांत पंचवीसहून कमी लोकांनी आपणहून एफएमचं नाव घेतलं तर रेडिओ सोडून द्या आणि हे सदर इथेच मिटा. जास्त निघाले तर ते कोणतं स्टेशन सांगतात ते मोजा. ९१.१, ९३.५, ९८.३ असा आकडाच सांगतील, तोही चालतो. कासारवडवलीच्या दुकानापुढे गाड्या लावून देणारा माणूस असेल तर त्यालाही विचारा. चावी हातात आली की गाडीत काय चालू होतं हे त्याला कोणत्याही सर्व्हेपेक्षा बरं कळतं. (नौपाड्यात हा प्रयोग जमणार नाही. तिथे गाडी लावायला जागाच नाही.)

स्टेशनचा माणूस "आम्ही मुंबईत नंबर वन" म्हणेल. प्रत्येक स्टेशन कशात ना कशात नंबर वन असतंच: कोणी सकाळी, कोणी २५ ते ३४ वयात, कोणी महिलांत. त्याला तीन गोष्टी विचारा: आकडा कोणाच्या पाहणीचा, कोणत्या महिन्यांचा, आणि त्यात ठाणे-नवी मुंबई वेगळी काढलेली आहे का. रेडिओचे श्रोते मोजणं नेहमीच नाजूक काम राहिलं आहे. टॅम या पाहणी कंपनीची रॅम नावाची मोजणी मुंबईसह चार शहरांत चालायची तीही लोकांनी डायरीत लिहिलेल्यावर. आठवून लिहिलेलं आणि खरोखर ऐकलेलं यात फरक पडतोच. म्हणूनच तुमची १०० बिलं तुमच्यापुरती जास्त कामाची.

दिरांची आठवण खोटी नाही, फक्त जुनी आहे. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई, पुणे आणि नागपूरहून. पुढची कितीतरी वर्षं घरोघर तोच एक आवाज होता. जाहिरात लागली की चाळीतल्या सगळ्या खोल्यांत एकदम लागायची. २००२ पासून मुंबईत खाजगी एफएम सुरू झालं आणि गाडीच्या डॅशबोर्डवर सहा बटणं आली. आता जाहिरात लागली की बोट बटणावर जातं. एकदा वाजवून दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येण्याचे दिवस गेले. आता तेच कान पुन्हा पुन्हा गाठावे लागतात. तुमच्या हातातला प्रस्ताव नेमका इथेच फसतो. कसा ते आकड्यांत बघू.

सकाळी ६ ते रात्री १२ म्हणजे १८ तास, १,०८० मिनिटं. त्यात १२ स्पॉट, म्हणजे दर दीड तासाला एक. तुमचं गिऱ्हाईक जाताना ४० मिनिटं आणि येताना ४० मिनिटं गाडीत असतं. त्या ८० मिनिटांत त्याच्या वाट्याला सरासरी ०.८९ स्पॉट येतो. दिवसाला एकसुद्धा धड नाही, आणि तेही त्याने स्टेशन बदललं नाही तर. तुमचा खर्च दिवसाला १४,४०० रुपये.

आता ठरावीक वेळेचा दर घ्या, १० सेकंदांना ७५०, म्हणजे २० सेकंदांचा स्पॉट १,५०० ला. सकाळी ८ ते ११ मध्ये चार, संध्याकाळी ६ ते ९ मध्ये चार. सहा तासांत आठ स्पॉट. त्याच माणसाच्या त्याच ८० मिनिटांत आता १.७८ स्पॉट येतात, आणि दिवसाचा खर्च १२,०००. दर महाग, दिवस स्वस्त, आणि कानावर पडणं दुप्पट. "१० सेकंदांना किती" या एकाच आकड्यावर घासाघीस करणारे व्यापारी इथेच फसतात.

बोनसच्या १२६ स्पॉटचं काय? ते कधी वाजणार ते लिहून मागा. रात्री ११ नंतर आणि पहाटे असतील तर ते बोनस नव्हेत, उरलेला माल आहे. त्याऐवजी मागा: सकाळच्या पट्ट्यात रोज एक टाइम चेक ("सकाळचे नऊ वाजले आहेत, ही वेळ तुमच्यापर्यंत आणली...") किंवा ट्रॅफिक अपडेटला प्रायोजक म्हणून नाव. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण वाहतुकीची माहिती देता येते, आणि घोडबंदरला अडकलेला माणूस ती कान देऊन ऐकतो. गायमुखचा जाम सांगताना तुमचं नाव आलं तर ते वीस सेकंदांच्या स्पॉटपेक्षा घट्ट बसतं. अपडेटमध्ये घोडबंदर आणि ठाणे-बेलापूर रोडचं नाव यावं, एवढी अट घाला.

आठवड्याचे सातही दिवस घेऊ नका. सोफा बघायला लोक शनिवार-रविवारी निघतात आणि ठरवतात गुरुवार-शुक्रवारी. म्हणून गुरुवार ते रविवार; रविवारी ऑफिसची वेळ नसते, तेव्हा ते आठही स्पॉट १० ते २ मध्ये. यंदा घटस्थापना ११ ऑक्टोबरला, दसरा मंगळवारी २० ला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गुरुवार ८ ऑक्टोबरपासून रविवार १ नोव्हेंबरपर्यंत चार आठवडे, आणि दसऱ्यासाठी सोमवार-मंगळवार वरचे. एकूण १८ दिवस, १४४ स्पॉट, २,१६,००० रुपये. १८ टक्के जीएसटी ३८,८८० धरून २,५४,८८०. मूळ प्रस्ताव करासकट ३,५६,८३२ चा होता.

८ तारीख पितृपक्षात येते म्हणून दीर कुरकुरतील. त्यांना सांगा, पितृपक्षात लोक खरेदी करत नाहीत, पण बघणं आणि ठरवणं चालूच असतं. त्या दिवसांत जाहिरातदार कमी असतात, तेव्हा दर पाडून मागायला जागाही असते. उलट दिवाळीच्या आठवड्यात ब्रेक लांबतात, सोनं, मोबाइल, गाड्या यांच्या गर्दीत तुमची गादी चेंगरते. शिवाय दिवाळीला नवा सोफा घरात हवा असेल तर ऑर्डर निदान आठवडाभर आधी यायला हवी. १ नोव्हेंबरनंतर रेडिओ वाजवून गिऱ्हाईक आणलं तर त्याला "दिवाळीनंतर मिळेल" असं सांगायला माणूस उभा करावा लागेल.

स्टेशन एकच घ्या. दोन घेतलीत तर प्रत्येकावर अर्धेच स्पॉट पडतील आणि वरचं गणित पुन्हा ०.८९ वर येईल. अपवाद फक्त विविध भारतीचा. तिथले दर खाजगी स्टेशनांच्या मानाने बरेच खाली असतात आणि आकाशवाणीच्या व्यावसायिक प्रसारण सेवेकडे दरपत्रक मिळतं. तुमच्या १०० बिलांत पन्नाशीपुढच्या गिऱ्हाइकांनी तिचं नाव घेतलं तर थोडे पैसे तिकडे वळवा. पाठदुखीला गादी बदलणारे बहुतेक त्याच वयाचे असतात.

आता मजकूर. तुम्ही पाठवलेल्या स्क्रिप्टमध्ये ७० च्या वर शब्द आहेत, तीन पत्ते आहेत, तीन फोन नंबर आहेत, उशांपासून वॉलपेपरपर्यंत नऊ वस्तू आहेत आणि "५० टक्क्यांपर्यंत सूट". मराठी निवेदक श्वास घेत, कळेल असं बोलला तर २० सेकंदांत ४५ शब्द होतात. ७० कोंबायचे तर तो म्युच्युअल फंडाच्या सूचनेसारखा पळेल. फोन नंबर तर काढूनच टाका; स्टिअरिंगवर हात असलेला माणूस दहा आकडे लिहून घेत नाही. त्याच्या लक्षात राहते ती दुखरी गोष्ट, दुकानाचं नाव आणि जागा. असं काहीतरी करा:

(गादीची स्प्रिंग कुरकुरते.)
बायको: अहो, कूस बदलू नका ना!
नवरा: का गं?
बायको: तुम्ही हललात की मी उडते.
निवेदक: गादी म्हातारी झाली. अमुकमध्ये या. दहा मिनिटं आडवे व्हा, मग ठरवा. अमुक. नौपाडा, घोडबंदर रोड आणि दसऱ्यापासून वाशी. गूगलवर शोधा, अमुक.

"अमुक"च्या जागी तुमचं नाव. चाळीसच्या आत शब्द, नाव तीनदा, आणि स्प्रिंगच्या आवाजाला दोन सेकंद मोकळे. शेवटची दोन वाक्यं दोन प्रकारे रेकॉर्ड करून ठेवा: "दसऱ्यापासून वाशी" आणि "आता वाशीतही". २२ ऑक्टोबरच्या सकाळपासून दुसरी फाइल लागली पाहिजे, नाहीतर चार दिवस जुनीच वाजते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. यात पडदे नाहीत हे मुद्दाम. कुरकुर रेडिओवर ऐकू येते, पडद्याचा रंग येत नाही. पडदे मुलीकडे द्या. ते इन्स्टाग्रामवर दिसायला हवेत, आणि तेही शोरूममधले नकोत, हिरानंदानीच्या किंवा खारघरच्या एखाद्या खऱ्या घराच्या खिडकीला लावलेले हवेत, अर्थात घरमालकाला विचारून.

चित्रपटातल्या गाण्याच्या चालीवर जिंगल करू नका. चालीचे हक्क कोणाचे तरी असतात, परवानगीशिवाय स्टेशन ती लावणार नाही आणि रेकॉर्डिंगचे पैसे बुडतील. स्टेशनच्या स्टुडिओत स्पॉट करून मिळत असेल तर करा, पण मूळ फाइल आपल्याकडे मागून घ्या आणि तोच आवाज इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सॲपवर वापरायची मुभा आहे हे लेखी घ्या. गाडीत ऐकलेली तीच कुरकुर रात्री रीलमध्ये आली की दोन्हीकडचे पैसे एकमेकांना लागू पडतात. वेगवेगळी जाहिरात केली तर गिऱ्हाइकाला ती दोन वेगळी दुकानं वाटतात. आरजेच्या इन्स्टाग्रामवरची पोस्ट पॅकेजमध्ये देऊ केली तर त्यावर ती जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असावं. जाहिरात मानक परिषदेचा तो नियम आहे. आरजेला पाठ केलेला मजकूर देऊ नका, दुकानात बोलवा, गादीवर लोळू द्या.

रेडिओवर नाव ऐकलेला माणूस घरी पोचल्यावर ते फोनमध्ये टाइप करतो, आणि बहुतेकांचा रेडिओ तिथेच वाया जातो. तुमच्या नावात "श्री" असेल तर इंग्रजीत ते तीन-चार प्रकारे लिहिलं जातं. ते सगळे प्रकार, शिवाय देवनागरीतलं नाव, शिवाय बोलून शोध, असं सगळं स्वतः करून बघा. तिन्ही दुकानांची गूगलवरची नोंद वेगळी, वेळा बरोबर, वाशीची नोंद दसऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी पडताळणी झालेली. ती पडताळणी कधी कधी व्हिडिओ मागते आणि अडकते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. नकाशावरची खूण वाशीच्या चुकीच्या सेक्टरमध्ये पडली तर गिऱ्हाईक रिक्षावाल्याशी भांडून परत जाईल.

मुलीच्या बाजूचाही एक समज तपासायला हवा: डिजिटलवर सगळं मोजता येतं म्हणून ते चालतंच. मोजता येतं हे खरं, पण काय मोजलं जातं ते बघा. फॉर्म भरून आलेले नंबर म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. त्यातले किती उचलले गेले आणि किती दुकानात आले हे तिने महिनाभर वहीत मांडावं. तुमचं नाव टाइप करून आलेल्या माणसावर जाहिरातीचा क्लिक लावून घेतला तर तो आधीच येणार होता. दुसरं, पैशांचे तुकडे. मेटाच्या, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातीत एका ॲड सेटला (एकत्र चालवलेल्या जाहिरातींच्या गटाला) आठवड्यात साधारण ५० निकाल मिळाले की जाहिरात कोणाला दाखवायची हे तिचं शिकणं स्थिरावतं. तीन दुकानं गुणिले गादी, सोफा, पडदे अशा नऊ सेट केल्या तर तुमच्या बजेटमध्ये एकही तिथवर जाणार नाही. दोनच ठेवा: ठाण्यासाठी एक, वाशीसाठी एक. दुकानाभोवती चार-पाच किलोमीटरचा घेरा आखायची सोय रेडिओकडे कधीच येणार नाही, तिचा पुरेपूर वापर करा; नुकताच ताबा मिळालेल्या इमारती त्या घेऱ्यात यायला हव्यात.

तर ६ लाखांची वाटणी: रेडिओ २,५५,०००, रेकॉर्डिंग २०,०००, डिजिटल २,२५,०००, आणि १ लाख वाशीसाठी हातात राखून. वाशीचा लाख पत्रकं, सोसायट्यांतली भेट, पहिल्या रविवारी लागणारी जादा माणसं यांसाठी. सगळं आधीच वाटून टाकलेलं बजेट नव्या दुकानाला पुरत नाही. जीएसटीची वजावट मिळत असेल तर बिल स्टेशनचं की एजन्सीचं हे नीट बघा आणि ते २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या वजावटीच्या यादीत, उतरलं की नाही हे सीएला तपासायला सांगा.

रेडिओ चालला की नाही हे कसं कळणार? तुमच्याकडे बहुतेक दुकानदारांकडे नसलेली एक गोष्ट आहे: तुम्ही माल घरपोच देता, म्हणजे प्रत्येक चलनावर पत्ता आणि पिनकोड असतो. सप्टेंबरची चलनं काढा आणि पिनकोडवार मोजून ठेवा: नौपाडा ४००६०२, मुलुंड ४०००८०, ऐरोली ४००७०८, वाशी ४००७०३, वगैरे. मेटाचा घेरा ठाणे आणि वाशीभोवतीच आहे. मग ऑक्टोबरमध्ये भांडुपची चलनं वाढली, जिथे मुलीच्या जाहिराती दिसतच नव्हत्या, तर ते रेडिओचं काम असण्याची शक्यता मोठी. रेडिओ ठाण्यात बंद आणि वाशीत चालू असा ठेवता येत नाही, म्हणून ही आडवाट. गूगलच्या दुकान-नोंदीत किती जणांनी कोणते शब्द शोधले, किती फोन केले, किती जणांनी रस्ता विचारला हेही दिसतं. गुरुवार ते रविवार आणि सोमवार ते बुधवार यांत नावाने शोधणाऱ्यांचा फरक बघा, पण सप्टेंबरमध्ये रेडिओशिवाय तोच फरक किती होता ते आधी लिहून ठेवा. शनिवार-रविवार तसेही चढेच असतात.

गेल्या वर्षाशी तुलना करताना तारखेला तारीख लावू नका. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला, यंदा अधिक ज्येष्ठामुळे ८ नोव्हेंबरला. गेल्या ऑक्टोबरात सगळी दिवाळी होती, यंदाच्या ऑक्टोबरात नाही. लक्ष्मीपूजनाच्या आधीचा तिसरा आठवडा गेल्या वर्षीच्या तिसऱ्याशीच जोडा. काउंटरवर "कुठून कळलं?" विचाराल तर निम्मे "गूगल" म्हणतील, कारण शेवटचं बोट तिथे लागलेलं असतं. विचारायचं असं: "आमचं नाव पहिल्यांदा कुठे ऐकलंत?"

रिलीज ऑर्डरवर, म्हणजे आरओवर, सही करताना या गोष्टी लेखी हव्यात. वेळेचे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यातले स्पॉट. दोन स्पॉटमध्ये निदान अर्ध्या तासाचं अंतर. एका ब्रेकमध्ये दुसरं फर्निचर किंवा गादीवालं नको. ब्रेकमधला पहिला स्पॉट मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊनही घ्या, कारण दुसऱ्या जाहिरातीपर्यंत बोट बटणावर गेलेलं असतं. आणि वाजलेल्या स्पॉटची यादी रोजच्या रोज. महिन्याच्या शेवटी यादी मागितली तर कळतं की सकाळचे चाळीस स्पॉट राहून गेले होते आणि ते शेवटच्या दोन दिवसांत दुपारी कोंबले. राहिलेले स्पॉट त्याच पट्ट्यात, त्याच आठवड्यात भरून द्यायचे, नाहीतर पैसे वजा, हे वाक्य आरओत असू द्या. पहिल्या दोन दिवशी दिरांना रेडिओ घेऊन बसवा, त्यांना आवडेलही.

एकदा सकाळी ८ ला कासारवडवलीहून वाशीपर्यंत गाडीने जा, स्टेशन लावून. एफएमचा सिग्नल साधारण नजरेच्या रेषेत चालतो. डोंगराआड आणि उंच इमारतींमागे खरखरतो. पारसिकच्या डोंगराच्या कडेने तुमच्या ठरलेल्या स्टेशनचं काय होतं हे स्वतःच्या कानांनी ऐका. बेसमेंट पार्किंगमध्ये काही येणार नाही, तिथे दोष धरू नका.

एक धोका उरतो, आणि तो माध्यमाचा नाही. दसऱ्याला उघडायचं दुकान दिवाळीत उघडतं हे काही नवल नाही. इंटिरिअरवाला, वीज, अग्निशमनाचा कागद, काहीतरी अडतंच. "दसऱ्यापासून वाशी" असं दहा दिवस वाजलं आणि शटर बंद दिसलं, तर नवी मुंबईत तुमचं नाव बंद दुकान म्हणून पोचेल. म्हणून स्पॉट रद्द करायला किंवा पुढे ढकलायला किती दिवस आधी सांगावं लागतं ते आरओत स्पष्ट करून घ्या, ७ दिवसांच्या वर जाऊ देऊ नका. २५ सप्टेंबरला वाशीच्या दुकानात जा. मीटर लागलेलं असेल आणि फरशी झालेली असेल तर आरओवर सही करा. नसेल तर वाशीचं नाव नसलेली तिसरी फाइल रेकॉर्ड करून घ्या, स्पॉट निम्मे करा आणि उरलेले पैसे दुकान खरंच उघडेल त्या आठवड्यासाठी ठेवा.